आधी बॅटरी

फोनला वास असतो हे मला ऑगस्ट २०१९ मध्ये कळलं. त्याआधी पंधरा वर्षं मी मोबाइल उघडत होतो. सोल्डरचा, फ्लक्सचा, थिनरचा वास नाकात मुरलेला होता, पण तो दुरुस्तीचा वास. फोनचा असा स्वतःचा वास नसतो. महापूर ओसरल्यावर जे सेट माझ्यापुढं आले त्यांना मात्र होता. नदीकाठच्या काळ्या गाळाचा, कुजलेल्या उसाचा, गोठ्याचा, डिझेलचा. मागचं झाकण उचकटलं की आधी वास यायचा आणि मग आतलं दिसायचं.

माझं दुकान सांगलीत, हरभट रोडजवळच्या एका बोळात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ चा पूर मी पाहिला होता, त्यामुळं पाणी कुठवर येतं याचा आपल्याला अंदाज आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. या खेपेला ते ५७ फुटांच्या वर गेलं. काउंटर, काचेची कपाटं, सुट्या भागांचे डबे, कव्हरांच्या माळा, सगळं पाण्याखाली. निघताना मी हॉट गनचं स्टेशन, पॉवर सप्लाय आणि हत्यारांची पेटी एवढंच उचललं होतं. गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले अकरा सेट एका पिशवीत घातले होते. ती पिशवी छातीशी धरून गुडघाभर पाण्यातून चालत आलो, हे अजून आठवतं.

विश्रामबागेत बहिणीचं घर. तिथं पाणी आलं नव्हतं आणि लाइट होती. तिच्या व्हरांड्यात मी टेबल मांडलं. पाटी वगैरे काही लावली नाही. तरी तिसऱ्या दिवसापासून सकाळी सातला माणसं पायरीवर बसलेली असायची.

कुणी फोन हातरुमालात आणायचं, कुणी पोरांच्या डब्यात. एका आजींनी स्टीलच्या डब्यात तांदूळ भरून त्यात सेट खुपसून आणला होता. मी विचारलं, "आजी, तांदूळ घरातला वाचला का?" तर म्हणाल्या, "न्हाई रं बाळा, छावणीत वाटला त्यातला हाय." मदतीत मिळालेला मूठभर तांदूळ त्या माउलीनं फोनला घातला होता, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तांदूळ पाणी ओढतो. डब्यातला तांदूळ गाळानं काळा झालेला. तो निवडूनही खाण्याजोगा राहिला नव्हता. त्यानंतर मी पायरीवर बसलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा हेच सांगायला लागलो, की तांदळात घालू नका, तांदूळ खा.

तांदूळ बाहेरचा ओलावा थोडाफार ओढत असेल. पण फोन मरतो तो ओलाव्यानं नव्हे. पाणी आणि वीज एकत्र आली की मरतो. सेट बंद दिसत असला तरी बॅटरी आत जोडलेली असते. लिथियम-आयन बॅटरी म्हणजे साधारण ३.७ व्होल्ट, पूर्ण भरली की ४.२ किंवा त्याहून किंचित जास्त. आपल्याला हे काहीच वाटत नाही, जिभेला लावलं तर नुसती चुणचुण. पण पाण्याचं विघटन सुरू व्हायला सव्वा व्होल्टच्या आसपास पुरतात. शुद्ध पाणी वीज फारशी नेत नाही. पुराचं पाणी शुद्ध कुठलं? त्यात खत, मीठ, साबण, गटार, सगळं विरघळलेलं. ते बोर्डावर पसरलं की जिथं जिथं करंट आहे तिथलं तांबं झिजायला लागतं. विरघळलेलं तांबं हिरव्या-निळ्या क्षारांच्या रूपात साचतं, कधी केसासारखे तंतू काढत शेजारच्या लाइनीपर्यंत पोचतं आणि शॉर्ट होतो. बोर्डावरचा एखादा कपॅसिटर मिलिमीटरभर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो, काही तर त्याहून बारीक. तिथं अशा तंतूला जायला अंतर असं उरतच नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला. पाण्यातनं काढल्यावर चार्जिंगला लावला होता का?

बहुतेकांनी लावला होता. मला राग यायचा नाही. तीन-चार दिवस गच्चीवर किंवा माळ्यावर काढलेला माणूस छावणीत आला, तिथं एक सॉकेट दिसला, तर दुसरं काय करेल? घरचे दुसऱ्या बोटीतून कुठं उतरले ते माहीत नाही. जनावरं सोडून दिली ती कुठं गेली माहीत नाही. अशा वेळी फोन कोरडा होईस्तोवर थांबा हे सांगणं सोपं आहे. ज्याला तातडीनं फोन लावायचा होता त्याचाच सेट सगळ्यात आधी जळाला, हे त्या व्हरांड्यात बसून रोज पाहणं फार जड गेलं.

फोन उघडायला मी शिकलो मिरजेत, २००४ साली. उस्ताद म्हणजे आमचे गुरू. आधी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, मग मोबाइलकडं वळले. त्यांचं दुकान सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. मिरज तंतुवाद्यांचं गाव. दुपारी काम नसलं की उस्ताद तिथं जाऊन बसायचे आणि मलाही न्यायचे. भोपळ्याला चीर गेलेली सतार दुरुस्तीला आली की कारागीर पहिलं काम करतो ते तारा सैल करायचं. ताण असताना काही काढलं तर दुसरीकडं काहीतरी तुटणार. उस्ताद परत येताना म्हणाले होते, "बघितलंस ना? आपल्याकडं तार म्हणजे बॅटरी. ती सुटल्याशिवाय बोट आत घालायचं नाही."

पहिला महिनाभर त्यांनी मला एकच मेलेला सेट दिला होता. नोकिया ११००. तो उघडायचा, सगळा सुटा करायचा, परत जोडायचा. उस्तादांचा एक नियम होता. जाड पुठ्ठ्यावर सेटचा आकार काढायचा आणि जो स्क्रू जिथनं निघाला तिथंच पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. निघालेल्या भागांची ओळ डावीकडून उजवीकडं लावायची. जोडताना उजवीकडून सुरुवात करायची. एवढंच. पण महिन्याभरात ती ओळ बोटांत बसली.

११०० चं कौतुक मला आजही वाटतं. २००३ मध्ये आलेला हा सेट जगभरात २५ कोटींच्या वर खपला. वर टॉर्च, खाली धूळ जाऊ नये म्हणून सलग रबराचं कीपॅड. उघडायला काय लागायचं? मागचं झाकण नखानं सरकवायचं, बॅटरी काढायची, सिम काढायचं, पुढचं पॅनेल उचकटायचं, कीपॅडचा रबर उचलायचा, मग सहा नंबरच्या स्टार ड्रायव्हरनं स्क्रू सोडवायचे की बोर्ड हातात. डिंकाचा टिपूस नाही. सोल्डरचा डाग द्यायची गरज पडावी असे भाग फारच थोडे. गावाकडचा गुराखीसुद्धा झाकण-बॅटरी-सिम एवढं स्वतः काढायचा, सेट पावसात भिजला की पुसून, उन्हात ठेवून परत घालायचा. तेव्हा हे कुणाला विशेष वाटत नव्हतं. त्याची बॅटरी, बीएल-५सी, इतकी सर्रास झाली की आज ते सेट दिसेनासे झाले तरी भजनं लावायच्या छोट्या स्पीकरमध्ये आणि एफएम रेडिओत तीच मापाची बॅटरी बसते. परवाच एक काका दुकानात येऊन "नोकियाची जुनी बॅटरी" मागत होते, हरिपाठाच्या डब्यासाठी.

मग टच फोन आले. पहिल्या खेपेच्या अँड्रॉइड सेटांचंही झाकण नखानंच निघायचं. हळूहळू ते झाकण गेलं. बॅटरी आत गेली, तिच्यावर पत्रा आला, पत्र्यावर स्क्रू आले, आणि सगळ्यांवर काच चिकटवली गेली. महापुरात माझ्याकडं आलेले जास्तीत जास्त सेट या जातीचे होते.

असा एक सेट कसा उघडला ते सविस्तर सांगतो, कारण तो उघडताना माझी खरी परीक्षा झाली. पलूस तालुक्यातल्या एका गावातल्या दूध संकलन केंद्राचे सचिव तो घेऊन आले होते. संस्थेचं रजिस्टर पाण्यात गेलं होतं. दहा दिवसांचं बिल व्हायचं होतं. कुणाचं किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) किती, हे सगळं कागदावर होतं आणि कागदाचा लगदा झालेला. पण त्यांना एक सवय होती. रोज संध्याकाळी रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून ठेवायचे. ते फोटो या फोनमध्ये. "दादा, फोन न्हाई चालला तर न्हाई, फोटो तेवढं काढून द्या. शंभरभर घरांचं दूध हाय त्यात." नंतर ते पायरीवरच बसून राहिले. जा म्हटलं तरी गेले नाहीत.

पुष्कळांना वाटतं, फोटो म्हणजे मेमरीची चिप. ती उचलून दुसऱ्या फोनमध्ये बसवली की झालं. पूर्वी काही सेटांत तसं जमायचं. आता स्मार्टफोनची साठवण कुलूपबंद असते आणि त्या कुलपाची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. म्हणजे फोटो हवे असतील तर तोच बोर्ड, निदान थोड्या वेळासाठी, जिवंत व्हायला हवा.

मागची काच हॉट गननं शेकायची. इथं घाई चालत नाही. डिंक मऊ पडेल इतकी ऊब, आणि खालच्या बॅटरीला चटका बसणार नाही इतकीच. बोट टेकवून चटकन मागं घ्यावंसं वाटलं की पुरे. मग सक्शन कपनं काच थोडी उचलायची आणि फटीत पिक सरकवायचं. गिटार वाजवायचं असतं तसलं प्लास्टिकचं तिकोनी पिक. लोखंडी पातं नाही. पिक किती आत न्यायचं याचंही माप असतं, कारण काचेला आतून फिंगरप्रिंटची स्ट्रिप, म्हणजे चपटी पट्टीसारखी वायर, चिकटलेली असू शकते. पिक कडेनं फिरवत चारही बाजूंचा डिंक सोडवला आणि काच वहीच्या पानासारखी उघडली. वास आला. मग दिसला गाळ. कॅमेऱ्याच्या काचेमागं, स्पीकरच्या जाळीत, स्क्रूंच्या डोक्यांत भरलेला, सुकून चॉकलेटी पापुद्रा झालेला. ज्या डिंकानं पाणी बाहेर ठेवायचं, त्यानं आत शिरलेलं पाणी आतच धरून ठेवलं होतं.

स्क्रू काढून पत्रा उचलला आणि बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या टोकानं सोडवला. तारा सैल. इथंच मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो. मग डिस्प्लेची स्ट्रिप, चार्जिंगच्या सब-बोर्डाची स्ट्रिप, कॅमेरे. बॅटरी खाली पक्की चिकटवलेली होती. तिला स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायला जाणं म्हणजे आगीशी खेळ. आतले थर एकमेकांना टेकले की ती पेटते. डिंकावर आयसोप्रोपिलचे, म्हणजे चटकन उडून जाणाऱ्या अल्कोहोलचे, थेंब सोडून, वाट बघून, प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू ती सुटी केली.

बोर्ड आयसोप्रोपिलमध्ये बुडवला आणि मऊ ब्रशनं धुतला. पहिलं पाणी चहासारखं निघालं. शिल्डचे पत्रे काढून परत धुतला. चार वेळा. घरगुती अल्ट्रासॉनिक मशीन एका मित्राच्या चष्म्याच्या दुकानातलं आणलं होतं, त्यात थोडा वेळ ठेवला. मग मंद उबेवर सुकवला. बहिणीनं हे सगळं पाहून विचारलं, "पाण्यानं बिघडलेलं परत ओलं काय करतोस?" प्रश्न बरोबर होता. पाणी उडून जातं. त्यानं आणलेलं मीठ आणि गाळ जात नाही. तो धुऊनच काढावा लागतो.

पॉवर सप्लायला बोर्ड लावला तर पॉवरचं बटण न दाबताच करंट ओढायला लागला. म्हणजे कुठंतरी शॉर्ट. शेकडो कपॅसिटरांत एक कुठला तरी. इथं उस्तादांची एक युक्ती कामाला आली. कय्याच्या, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या, टोकावर राळेचा खडा धरायचा, तिचा धूर बोर्डावर घ्यायचा. पांढरट साय जमते, हिवाळ्यात काचेवर दहिवर जमावं तशी. मग अगदी थोडा करंट सोडायचा. जो भाग शॉर्ट आहे तो तापतो आणि तेवढ्याच जागेवरची साय वितळून काळा ठिपका उघडा पडतो. तो ठिपका दिसला तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते. मुख्य लाइनीवरचा एक कपॅसिटर, मोहरीपेक्षा लहान. तो उचलला. बोर्डानं करंट ओढायचं थांबवलं. दुसऱ्या एका मेलेल्या सेटचा कॉम्बो, म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र, लावला, बटण दाबलं, पॉवर सप्लायचा काटा हलला, थांबला, परत हलला. कंपनीचं चिन्ह उमटलं.

रजिस्टरची पानं मेमरी कार्डावर घेतली. सचिवांना दाखवायला म्हणून पहिलं पान उघडलं. निळ्या शाईत ओळीनं नावं, पुढं सकाळ-संध्याकाळचे आकडे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काही बोलले नाहीत. तो सेट त्यानंतर आठ दिवस चालला आणि मग कायमचा गेला. पुराचं पाणी प्यालेले सेट बरेचदा असे जातात. चिपांच्या खाली, जिथं ब्रश पोचत नाही, तिथं झीज चालूच राहते. हे मी प्रत्येकाला आधी सांगायचो. फोन परत मिळाला असं समजू नका, आतलं काढून घ्यायला वेळ मिळाला असं समजा.

फोटोंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. चाचणी करताना मी गॅलरी उघडत नाही. कॅमेरा चालतो का बघायचा तर समोरच्या भिंतीवर धरतो. माइक बघायचा तर स्वतः एक ते दहा म्हणतो आणि ऐकतो. लॉक काढायला गिऱ्हाइकालाच देतो. त्या दिवसांत हे जास्त जपलं, कारण माणसं घरदार उघडं टाकून आली होती, आणि झाकलेलं असं त्यांच्याकडं या फोनशिवाय फार थोडं उरलं होतं. पंचनाम्याला लागणारे पडक्या भिंतींचे फोटो, बँकेचे मेसेज, कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात हे सगळं येतं. शिकायला येणाऱ्या पोरांना मी कय्या धरायला शिकवायच्या आधी हे शिकवतो.

आणि एक सेट मी मारला. तो पाण्यानं मेला नव्हता.

गावभागातल्या एका ताईंचा. बाळाच्या बारशाचे फोटो त्यात. धुतला, सुकवला, चालू झाला, फक्त चार्ज होत नव्हता. चार्जिंगची स्ट्रिप बदलून जोडायचा तेवढा बाकी. त्या दिवशी सकाळपासून उठलो नव्हतो आणि रात्री एकच्या पुढं कधीतरी, पुठ्ठा न घेताच, स्क्रू एका झाकणात गोळा केले होते. दिसायला सगळे सारखे. पण एखादा स्क्रू दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभरसुद्धा लांब नसतो आणि तेवढा फरक पुरतो. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला. हाताला थोडा जास्त जोर लागला, तेव्हाच थांबायला हवं होतं. स्क्रूचं टोक बोर्डाच्या आतल्या थरांत घुसलं आणि तिथल्या लाइनी तुटल्या. त्या थरांपर्यंत पोचण्याइतका हात माझ्याकडं नव्हता. पुण्यात तापकीर गल्लीत ओळखीच्या कारागिराकडं पाठवून पाहिला, त्यानंही परत केला.

ताई आल्या तेव्हा मी जे झालं ते सांगितलं. पाण्यानं गेला असं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता, सगळ्यांचेच जात होते. त्या म्हणाल्या, "चालू झाला होता म्हणालात ना काल?" मी हो म्हणालो. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि गेल्या. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता, दुसरा सेट देऊ केला तो त्यांनी घेतला नाही. तेव्हापासून पुठ्ठ्याशिवाय मी एकही स्क्रू काढलेला नाही. आता बाजारात चुंबकाच्या चटया मिळतात, माझ्या टेबलावरही आहे. तरी खाली पुठ्ठा असतोच.

त्या तीन आठवड्यांत वह्या भरून नोंदी झाल्या, आणि नोंदी वाचताना एक गोष्ट दिसत गेली. बटणांचे साधे सेट, ज्यांची बॅटरी मालकानंच काढून ठेवली होती, त्यातले खूप वाचले. महागडे, चिकटवलेले सेट फार गेले. किमतीचा यात काही संबंध नव्हता. साध्या सेटाच्या मालकाला काहीतरी करता येत होतं. झाकण काढ, बॅटरी काढ, उपडा करून ठेव. चिकटवलेल्या सेटाच्या मालकाला बघत बसण्याशिवाय काही करता येत नव्हतं. बॅटरी आत जोडलेली, पाणी आत अडकलेलं, आणि तांब्याची झीज तासातासाला पुढं चाललेली. तो चिखलातून माझ्यापर्यंत येईस्तोवर सहा-सात दिवस गेलेले असायचे.

डिंकाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, डिंकामुळंच तर फोन पाण्यात टिकतो. त्यात तथ्य आहे. पावसात भिजलेला, बादलीत पडलेला चांगला सेट आज बहुधा काही न होता निघतो, मी रोज पाहतो. पण अशा सेटांवर पाण्यात टिकण्याचं जे माप लिहिलेलं असतं, त्यातलं आयपी-६७ म्हणजे स्वच्छ पाण्यात, एक मीटर खोल, अर्धा तास. चार दिवस गाळाखाली नव्हे. आणि डिंक दर वर्षी सुकत जातो, एकदा पडलेल्या सेटाची चौकट किंचित वाकते, तेवढी वाट पाण्याला पुरते. शिवाय पाण्यापासून बचाव आणि नखानं निघणारं झाकण ही दोन्ही एकत्र नांदू शकतात. सॅमसंगचा गॅलेक्सी एस-५ हा २०१४ चा सेट आयपी-६७ होता आणि त्याचं मागचं झाकण हातानं निघायचं, आत रबराची कड होती. तो मी असंख्य वेळा उघडला आहे. म्हणजे जमत नाही असं नाही.

युरोपात कायदा झाला आहे, १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी असा, काही अपवाद ठेवून. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू केलं. मी त्याकडं आशेनं बघतो. माझं मागणं लहान आहे. बॅटरीचा कनेक्टर एक मिनिटात सुटेल अशी वाट ठेवा. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला ते एक मिनिट हवं आहे.

आता एका आबांबद्दल.

२०१९ मध्ये भिलवडीकडचे एक आबा बटणांचा सेट घेऊन आले होते. शर्टाच्या खिशात होता, छातीभर पाण्यातून आले तेव्हा भिजला. चार्जिंगला लावला नव्हता, कारण चार्जर वाहून गेला होता. मी त्यांच्यासमोरच झाकण काढलं, बॅटरी, सिम, मग पॅनेल. धुतला, सुकवला, दुपारी चालू करून दिला. त्यांनी लगेच मुलीला लावला आणि मोठ्यानं बोलले, पूर्वी ट्रंक कॉलवर बोलायचे तसं. जाताना मी सहज म्हणून गेलो, "आबा, पुढच्या वेळी पाणी लागलं की आधी बॅटरी काढा."

ते थांबले. "फुडच्या येळी?" म्हणाले.

मला काय उत्तर द्यावं कळेना. घराच्या भिंती पडलेल्या माणसाला मी पुढच्या वेळेचं सांगत होतो. शब्द परत घेता येत नव्हता. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग मान हलवून पायऱ्या उतरले.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा परत चढली. २०१९ इतकी नाही, पण सांगलीत आली, दुकानात आली. या खेपेला आम्ही सगळं सामान आधीच माळ्यावर नेलं होतं. मी पुन्हा बहिणीच्या व्हरांड्यात. चौथ्या-पाचव्या दिवशी आबा पायरीवर दिसले. जास्त वाकलेले, हातात काठी. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, टेबलावर माझ्या पुठ्ठ्याशेजारी हातरुमाल ठेवला आणि गाठ सोडली. आत तोच सेट, सुटा केलेला. मागचं झाकण, बॅटरी, सिम आणि सेट, डावीकडून उजवीकडं ओळीनं ठेवलेले. रुमाल कोरडा होता.

"ह्याच वळीनं काढलंय," आबा म्हणाले. "पाणी उंबऱ्याला लागलं तवाच. बग आता."

मी बॅटरी उचलून बाजूला ठेवली आणि सहा नंबरचा ड्रायव्हर घेतला.